वरचा एक मीटर

मुंबईत मरोळ नाक्याला भुयारी मेट्रो पकडायची तर जिन्यामागून जिने उतरत वीसेक मीटर खाली जावं लागतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी हा टप्पा सुरू झाला आणि तेव्हापासून रोज हजारो माणसं मरोळच्या पोटातून ये-जा करतात. वर रस्त्याच्या कडेला पिंपळ आहेत, पर्जन्यवृक्ष आहेत, सोनमोहोर आहेत. त्यांची मुळं किती जिने उतरेपर्यंत सोबत येत असतील? पहिल्या जिन्याच्या पहिल्या पाच-सहा पायऱ्या. त्याखाली मुळांचा जवळजवळ पत्ताच नसतो.

झाड जेवढं वर तेवढंच खाली, असं चित्र आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. प्रत्यक्षात बहुतेक झाडांची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या साठ सेंटीमीटर ते एक मीटर जाडीच्या थरात असतात. सोटमूळ रोपाच्या बालपणी खोल जातं, पण मोठ्या झाडाचा भार आडव्या मुळांवर असतो आणि ती फांद्यांच्या टोकांच्याही पलीकडे, घेराच्या त्रिज्येच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत पोचतात. कारण साधं आहे. मुळाला श्वास घ्यावा लागतो. पान दिवसभर प्राणवायू बाहेर टाकतं, पण तो पानातून मुळापर्यंत पुरेसा पोचत नाही. मुळाला लागणारा प्राणवायू मातीतल्या पोकळ्यांतूनच यावा लागतो आणि या पोकळ्या सगळ्यात जास्त असतात त्या वरच्या थरात. पाऊसही आधी तिथेच मुरतो, पालापाचोळाही तिथेच कुजतो.

आता त्याच एक मीटरमध्ये शहराचं काय काय आहे ते बघा. पाण्याची लाइन, मलनिस्सारणाची लाइन, पावसाळी गटार, विजेच्या केबल, गॅसची पिवळी नळी, इंटरनेटच्या केबलींचे जुडगे, सिग्नलच्या वायरी, त्यावर खडी, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक. झाडाला जगायला जो थर हवा, नेमका तोच थर मुंबईलाही हवा आहे. मुळं पाईप फोडतात, फूटपाथ उचकटतात, भिंती चिरतात ही तक्रार आणि वारा सुटला की झाडं पडतात ही भीती, या दोन्हींची मुळं या एका मीटरच्या भांडणात आहेत. हे भांडण केवढं विषम आहे, हे आकडे मांडल्याशिवाय लक्षात येत नाही.

खोल जाणारी मुळं नसतातच असं नाही. दक्षिण आफ्रिकेत एको केव्हज नावाच्या गुहा आहेत, तिथे एका रानटी अंजिराचं मूळ १२० मीटर खोल गेल्याची नोंद आहे. हा आपल्या वड-पिंपळ-उंबराचाच भाऊबंद. कालाहारीच्या वाळवंटात बोअर खणताना एका झाडाचं मूळ ६८ मीटरवर सापडलं होतं. १२० मीटर म्हणजे चाळीस मजली टॉवर उलटा जमिनीत खुपसावा तेवढं. पण तिथे पाणी तेवढं खाली होतं आणि खडकात वाट होती. मरोळला थोडा मुरूम खणला की खाली काळा पाषाण लागतो. अंधेरीचा गिल्बर्ट हिल ज्या ज्वालामुखीच्या काळातला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तोच हा खडक. मिठी नदीच्या काठी भराव आहे, चिखल आहे. इथल्या झाडाला खाली जायला मुभाच कमी. ते आडवं पसरणार.

मुळं किती असतात, हे मोजायचा ध्यास अमेरिकेत आयोवामध्ये हॉवर्ड डिटमर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने घेतला होता. त्याचा निबंध १९३७ साली प्रसिद्ध झाला. त्याने झाड नाही घेतलं, राय नावाच्या गव्हाच्या जातकुळीतल्या धान्याचं एकच रोप घेतलं. एक फूट रुंद, एक फूट लांब आणि बावीस इंच खोल लाकडी खोक्यात, म्हणजे जेमतेम बावन्न लीटर मातीत, ते चार महिने वाढवलं. मग माती अलगद धुऊन काढली आणि मुळं मोजायला बसला. सगळी मोजणं माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून नमुने घेऊन गुणाकार केला. आकडा आला १,३८,१५,७६२. एका रोपाला एक कोटी अडतीस लाख मुळं. एकापुढे एक ठेवली तर लांबी ६२२ किलोमीटर. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, म्हणजे तीन बादल्या मातीतलं एक रोप त्याच्या जवळपास पोचलं.

आणि हे झालं मुळांचं. मुळांच्या अंगावर डोळ्यांना धड न दिसणारे मूलरोम असतात, पाणी शोषायचं काम खरं त्यांचं. ते निघाले १,४०० कोटींहून अधिक. त्यांची लांबी १०,६०० किलोमीटरच्या वर, म्हणजे मुंबई-लंडन हवाई अंतराच्या जवळजवळ दीडपट. मुळं आणि मूलरोम यांचं मिळून पृष्ठफळ भरलं सुमारे ६३९ चौरस मीटर, तर जमिनीवरच्या पानं-काडीचं पाच चौरस मीटरही नाही. मातीखालचा भाग वरच्यापेक्षा १३० पट. मुंबईच्या भाषेत सांगायचं तर साडेसहाशे चौरस फुटांच्या दहा फ्लॅटांचा कार्पेट एरिया एका खोक्यात. चार महिन्यांची सरासरी काढली तर त्या रोपाची मुळं दिवसाला पाच किलोमीटर वाढत होती.

हे गवतवर्गातलं चार महिन्यांचं रोप. मरोळ-मरोशी रस्त्यावरच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या झाडाच्या मुळांची अशी मोजणी कुणी केलेली नाही, करणं शक्यही नाही. डिटमरचं खोकं डोळ्यांसमोर ठेवून झाडाच्या बुंध्याशी उभं राहावं आणि अंदाज करावा. त्यातही मुळं एकटी नसतात. त्यांच्या टोकांना बुरशीचे तंतू जोडलेले असतात, मुळाला जिथे शिरता येत नाही तिथून ते पाणी आणि स्फुरद आणून देतात आणि बदल्यात साखर घेतात. पृथ्वीवरच्या मातीच्या फक्त वरच्या दहा सेंटीमीटरमधल्या अशा तंतूंची एकूण लांबी शास्त्रज्ञांनी अंदाजली आहे, ४५ वर सोळा शून्यं इतके किलोमीटर. आपली आकाशगंगा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजली तर साधारण तिच्या निम्मी. रोलर फिरवून माती दाबली की पहिला बळी या तंतूंचा आणि मूलरोमांचा जातो. चांगल्या मातीत निम्मी जागा पोकळ असते, हवा आणि पाण्यासाठी. रस्त्याखालची माती मुद्दाम पोकळी उरू नये इतकी ठोकलेली असते. मातीचा अवरोध दर चौरस सेंटीमीटरला वीस किलोच्या वर गेला की बहुतेक मुळं पुढे सरकणंच सोडतात.

मग झाडाला किती जागा हवी? ब्रिटनमध्ये बांधकामाजवळच्या झाडांसाठी एक मानक वापरतात. बुंध्याच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ आखायचं आणि त्यात खोदायचं नाही. बुंधा साठ सेंटीमीटरचा असेल तर त्रिज्या ७.२ मीटर आणि क्षेत्रफळ १६३ चौरस मीटर. आपल्या फूटपाथवरच्या झाडाला मिळतं ते आळं एक मीटर बाय एक मीटर, तेही नशीब असेल तर. अनेक झाडांच्या बुंध्याला काँक्रीट गळपट्ट्यासारखं भिडलेलं असतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. मुंबईतही ते काम अधूनमधून होतं आणि पुढच्या फूटपाथ दुरुस्तीत बऱ्याचदा पुसलं जातं.

महापालिकेच्या वृक्षगणनेत २०१८ च्या सुमारास मुंबईत जवळपास २९ लाख ७५ हजार झाडं मोजली गेली. त्यातली रस्त्याकडेची साधारण १ लाख ८६ हजार. म्हणजे आपण रोज ज्यांच्या सावलीतून चालतो ती झाडं शंभरातली जेमतेम सहा. आता एक हिशेब मांडू. या रस्त्याकडेच्या झाडांचा बुंधा सरासरी फक्त तीस सेंटीमीटर धरला, तर बारापटीच्या नियमाने प्रत्येकाला सुमारे ४१ चौरस मीटर जमीन हवी. सगळ्यांची मिळून साडेसात चौरस किलोमीटर. अख्ख्या धारावीसारख्या तीन धारावी. प्रत्येकाला एक चौरस मीटरचं आळं मिळालंच असं मानलं, तर सगळ्यांना मिळून मिळते १ लाख ८६ हजार चौरस मीटर, म्हणजे दीड-पावणेदोन शिवाजी पार्क. हव्या असलेल्या जमिनीचा चाळिसावा हिस्सा.

पाण्याचा हिशेब याहून बोलका आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पंधरा मीटर व्यासाचा डोलारा असलेल्या झाडाच्या सावलीएवढ्या जमिनीवर एका मोसमात ३ लाख ८८ हजार लीटर पाणी कोसळतं. पण जमीन बंद आहे, आळं तेवढं उघडं. त्यात थेट पडतं २,२०० लीटर. बाकीचं सगळं गटारातून मिठीत आणि मिठीतून माहीमच्या खाडीत. बऱ्यापैकी मोठं झाड दिवसाला शंभर लीटर पाणी सहज उडवतं. पावसाळा सोडून आठ महिन्यांचे झाले २४,००० लीटर. आळ्यातलं पाणी सगळंच्या सगळं साठवून ठेवता आलं असतं तरी बावीस दिवस पुरलं असतं.

मग उरलेले दिवस ही झाडं जगतात कशावर?

अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या बसथांब्याचं नाव आहे मरोळ पाईपलाईन. शहराला नळाचं पाणी देणारा पहिला मोठा तलाव, विहार, १८६० चा. तो इथून जवळच. मिठीची सुरुवातही तिथलीच. मुंबईला आज रोज सुमारे ३९० कोटी लीटर पाणी पुरवलं जातं आणि त्यातल्या किमान चौथ्या हिश्श्याचा हिशेब लागत नाही. काही चोरीला जातं, काही जुन्या सांध्यांतून जमिनीत झिरपतं. रस्त्याकडेच्या सगळ्या, म्हणजे १ लाख ८६ हजार झाडांना रोज शंभर-शंभर लीटर द्यायचं ठरवलं तरी लागतील १ कोटी ८६ लाख लीटर. शहराच्या पुरवठ्याचा अर्धा टक्का. वरून पाऊस बंद केलेली झाडं खालच्या गळतीवर तग धरून असली तर नवल वाटायला नको. मुळं पाईपच्या बाजूला जातात याचं कारण तिथली माती ओली असते. पाईप ओली करतो म्हणून मूळ येतं.

मूळ धडधाकट पाईप फोडत नाही, ही गोष्ट प्लंबर मंडळींना चांगली माहीत असते. पिण्याच्या पाण्याच्या लाइनीत दाब असतो, पाणी बाहेर येतं, मूळ आत जाऊ शकत नाही. खरी ओढ ड्रेनेजच्या लाइनीची. जुन्या सोसायट्यांत भाजलेल्या मातीचे, आतून-बाहेरून चकचकीत स्टोनवेअरचे पाईप आहेत, दोन-दोन फुटांवर सिमेंटने सांधलेले. जमीन थोडी खचली की सांध्याला केसाएवढी फट पडते. त्या फटीतून दमट, खत भरलेली हवा बाहेर येते. एक मूळ आत शिरतं, सुतळीएवढं. आत गेल्यावर त्याला जे मिळतं ते मातीत कधीच मिळालेलं नसतं, पाणी, नत्र, हवा, सगळं एकाच जागी. महिन्यांत त्याच्या हजारो तंतुमुळ्या होतात. संडास तुंबतात, मग चेंबर उघडतात, बांबूच्या पट्ट्या घालतात आणि शेवटी हाताला काहीतरी लागतं. ओढून काढलं की दीड-दोन मीटर लांबीचं, पाईपच्या गोलाईचं, तपकिरी, गच्च विणलेलं गंगावन बाहेर येतं. त्याचं एक टोक मात्र सुतळीएवढंच असतं, फटीतून आलेलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लगेच झाड काढण्याचा ठराव येतो. मला दर वेळी वाईट वाटतं, कारण ठराव सांधा बदलण्याचा यायला हवा. झाड काढलं तरी फट राहतेच, सांडपाणी जमिनीत मुरत राहतं आणि काही वर्षांनी शेजारच्या प्लॉटमधलं मूळ तीच वाट शोधत येतं.

फूटपाथचं गणित वेगळं. वाढणारं मूळ आपल्या पेशींतल्या पाण्याच्या दाबाने जाड होतं. हा दाब दर चौरस सेंटीमीटरला पाच ते दहा किलोपर्यंत जाऊ शकतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुप्पट-चौपट. ऐंशी मिलिमीटर जाडीच्या पेव्हर ब्लॉकचं एका चौरस मीटरचं वजन साधारण १९० किलो भरतं. ते दर चौरस सेंटीमीटरवर वाटलं तर वाट्याला येतात जेमतेम वीस ग्रॅम. मुळाकडे पाच किलो आणि वरून वीस ग्रॅम, म्हणजे अडीचशेपट. ब्लॉक उचलला गेला नसता तरच आश्चर्य. काँक्रीट दाबाला मजबूत असतं, दर चौरस सेंटीमीटरला चारशे किलो सोसणारं काँक्रीट रस्त्यांना वापरतात. चिरडायचं म्हटलं तर मूळ त्याच्यापुढे काहीच नाही. पण तेच काँक्रीट वाकवायला, ताणायला गेलं तर दहाव्या हिश्श्यात हार मानतं. मूळ नेमकं खालून एका रेषेत उचलतं आणि लादी मधोमध तडकते.

यात एक गोष्ट सुटून जाते. ब्लॉकखाली ग्रिट अंथरलेली असते. तिच्यात हवा खेळते आणि उन्हाने तापलेल्या ब्लॉकच्या पोटाला रात्री दमटपणा सुटतो. ठोकून घट्ट केलेली माती खाली, फरसबंदी वर, आणि मधल्या दोन इंचांत श्वास घेण्याजोगी एकच जागा. मूळ तिथे वाढतं कारण दुसरीकडे वाढायला त्याला ठेवलेलंच नाही.

भिंतींच्या बाबतीत मात्र मी झाडाचा वकील होणार नाही. पिंपळ, वड आणि नांद्रुक यांचं बी मिलिमीटरभराचं. एका पिकल्या फळात अशा शेकडो बिया. कोकीळ, तांबट, बुलबुल, मैना फळ खातात आणि बी टाकतात पन्हाळीत, छज्ज्याखाली, पाईपच्या टी-सांध्याजवळ. तिथे मातीही लागत नाही, चुन्याच्या दरजेत चिमूटभर धूळ पुरते. मुळं खाली जमीन शोधत भिंतीच्या सांध्यासांध्यातून उतरतात आणि मग तिथेच जाड होऊ लागतात. पाच किलोचा तोच दाब, आता दोन दगडांच्या मध्ये. मरोळच्या शेजारी, सीप्झच्या कुंपणात सेंट जॉनचं जुनं चर्च आहे. पोर्तुगीज जेजुइटांनी १५७९ मध्ये बांधलेलं. १८४० मध्ये साथ आली, गाव उठलं आणि चर्च मरोळला हललं. आजचं मरोळचं सेंट जॉन द इव्हँजलिस्ट त्याचंच वारस. जुनी वास्तू तेव्हापासून मोडकळीला आली. वर्षातून एकदा मे महिन्यात तिथे प्रार्थना होते, एरवी छप्पर नसलेल्या भिंती आणि दर पावसाळ्यात त्यांच्यावर चढणारी हिरवाई. माणसांचा वावर होता ती २६१ वर्षं या भिंतींना मुळांपासून धोका नव्हता, कारण कोवळं रोप दिसताच कुणीतरी ते उपटत होतं. सगळा फरक एवढाच. दोन पानांवर असलेलं पिंपळाचं रोप दोन बोटांनी निघतं. पाच वर्षांनी त्याला काढायचं तर भिंत उतरवावी लागते. नुसतं खोड छाटून काही होत नाही, आतलं मूळ जिवंत राहून पुन्हा फुटतं. कंबोडियातल्या ता प्रोम मंदिरात तर झाडं आणि दगड एकमेकांत इतके गुंतले आहेत की झाड काढलं तर भिंत पडते आणि ठेवलं तरी पडते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसं तिथे गेली दोनेक दशकं एकेक मूळ बघून टेकू देण्याचं काम करत आहेत.

आता मुळांनी सोसलेल्याकडे येतो, कारण माझ्या मते मुंबईत त्याचा आकडा दुसऱ्या बाजूपेक्षा कितीतरी मोठा आहे.

मुंबईचे रस्ते साधारण २,०५० किलोमीटरचे. त्यातले शेकडो किलोमीटर गेल्या काही वर्षांत काँक्रीटचे झाले, अजून होत आहेत. काँक्रीट करण्याआधी दोन्ही बाजूंना चर खणतात, केबल आणि लाइनी हलवण्यासाठी. चर साधारण एक ते दीड मीटर खोल, म्हणजे मुळांचा सगळाच्या सगळा थर. बुंध्यापासून मीटरभरावरून सरळ चर गेला की त्या बाजूची जवळजवळ सगळी मुळं गेली, एकूण मुळांच्या निम्म्यापर्यंत. चरात वाकून बघा. जेसीबीच्या बकेटने मूळ कापलं जात नाही, ओढलं जातं. साल सोललेली, लाकूड चिरत बुंध्याकडे गेलेलं, टोकाला तंतूंचा झुबका. वड-पिंपळ असेल तर पांढरा चीक गळून मातीवर सुकलेला. करवतीने स्वच्छ कापलेलं मूळ त्या जागी नवी मुळं फोडू शकतं. चिरलेल्या मुळात पावसाळ्यात बुरशी शिरते आणि ती आतून बुंध्याकडे चालू लागते. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी क्षेत्रांतील झाडांच्या कायद्यात झाड तोडणे याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं धरलेलं आहे. चरातली ती मुळं या व्याख्येत बसतात. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं पडायला लागली तेव्हा लोक धावून गेले, अटका झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती देईपर्यंत २,१४१ झाडं गेली. तो आक्रोश खरा होता. चरात झाड उभंच राहतं, म्हणून तिथे कुणी धावून येत नाही.

वाऱ्याचा हिशेब त्या उभ्या झाडाला लावून बघा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ५४ किलोमीटरचा वारा १०८ झाला की जोर दुप्पट नाही, चौपट. ५ ऑगस्ट २०२० ला कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी १०६ किलोमीटरच्या आसपास गेला होता, तौक्ते वादळात १७ मे २०२१ ला पुन्हा शंभरच्या वर. या वेगाला दर चौरस मीटरवर साधारण पंचावन्न किलोचा दाब येतो. झाड लवचीक असतं, पानं मिटतात, फांद्या वाकतात, त्यामुळे त्यातला निम्म्याहून बराच भाग ते चुकवतं. तरी समोरून चाळीस चौरस मीटरचा डोलारा असलेल्या झाडाला आठ-नऊशे किलोचा धक्का बसतो आणि तो जमिनीपासून आठ मीटर उंचीवर. बुंध्याच्या तळाशी तो सात टनांना एक मीटरच्या तरफेवर टांगल्यासारखा येतो. हा भार मुख्यत्वे पेलतात ती वाऱ्याच्या बाजूची मुळं, तंबूच्या ताणलेल्या दोरांप्रमाणे. पावसाळ्यात मुंबईचा जोराचा वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यावर झाडांच्या पश्चिमेला चर खणला, तर नेमके तेच दोर तुटलेले असतात.

त्यात पाऊस. तौक्तेच्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला २३० मिलिमीटर पाऊस झाला, मे महिन्यासाठी विक्रमी. २६ जुलै २००५ ला याच केंद्रावर ९४४ मिलिमीटर झाला होता आणि मिठीकाठचं मरोळ, साकीनाका पाण्यात होतं. भिजून चिखल झालेली माती मुळाला धरत नाही, हा एक भाग. पाणी तुंबून राहिलं की मुळं गुदमरतात, हा दुसरा. पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजारपट सावकाश झिरपतो. मिठीच्या मुखाशी तिवरांनी यावर तोड काढली आहे, चिखलातून वर डोकावणारी श्वसनमुळं. दोन-तीन मीटर उंचीच्या एका तिवराला अशी दहा हजारांवर श्वसनमुळं असू शकतात. गुलमोहराला, सोनमोहोराला ही सोय नाही.

वडाची गोष्ट आणखी वेगळी आणि मला सगळ्यात जास्त सलणारी. वड म्हातारा होतो तसा पारंब्यांवर उभा राहतो. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या महावटाचं मूळ खोड बुरशी लागल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकलं. त्याला शंभर वर्षं झाली. आज ते झाड साडेतीन हजारांहून जास्त पारंब्यांवर, मधलं खोड नसताना, जवळजवळ दोन हेक्टर पसरलेलं आहे. आंध्रात कदिरीजवळच्या तिम्मम्मा मर्रिमानुचा विस्तार १९,१०७ चौरस मीटर मोजला गेला, शिवाजी पार्कचा साधारण सहावा हिस्सा. मुंबईत रस्त्यावरच्या वडाच्या पारंब्या मोटारींना लागतात म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी सरसकट कापतात. जमिनीला टेकल्यावर ज्या खांब झाल्या असत्या त्या जमिनीपासून दोन मीटरवर संपतात. डोलारा वाढत जातो, खांब एकही वाढत नाही. फूटपाथच्या आतल्या बाजूच्या दोन-चार पारंब्या बांबूच्या नळीतून मातीत उतरवल्या तर रस्त्याला काही अडचण नाही. मुंबईबाहेर अनेकांनी हे केलेलं आहे, अवघड काही नाही त्यात.

तसं पाहिलं तर चरातही अवघड काही नाही. बुंध्याजवळच्या टप्प्यात जेसीबी थांबवून पहारीने आणि हाताने खणता येतं, बोटापेक्षा जाड मुळं शाबूत ठेवून त्यांच्याखालून पाईप सरकवता येतो. आडव्या बोअरिंगने दीड-दोन मीटर खालून केबल नेली तर वरच्या मीटरला हातही लागत नाही. शहरात हे यंत्र रोज वापरात आहे, मोठ्या रस्त्याखालून केबल न्यायची असली की लगेच आणलं जातं. झाडाखालून न्यायची असली की मात्र कुणाला आठवत नाही.

मुळं तुटल्याचे परिणाम दिसायला तीन ते सात वर्षं लागतात. आधी शेंड्याची पानं बारीक होतात, मग वरच्या फांद्या वाळतात, मग एका पावसाळ्यात झाड मुळासकट आडवं होतं. तोवर कंत्राट संपलेलं असतं, रस्ता नवा झालेला असतो आणि नोंद होते वादळी वाऱ्याची. १९१६ या हेल्पलाइनवर फोन आला की महापालिकेकडे तारीख, ठिकाण, झाडाची जात, सगळं टिपलं जातं. चर खणायच्या परवानग्याही महापालिकाच देते, रस्ता, बाजू, लांबी लिहून. एकच रकाना वाढवला पाहिजे. पडलेल्या झाडापासून तीन मीटरच्या आत मागच्या सात वर्षांत चर खणला होता का, कुणी आणि कोणत्या बाजूला. दोन्ही याद्या महापालिकेकडेच आहेत. एका पावसाळ्याची जुळवणी केली तरी वाऱ्याच्या नावावर टाकलेली किती झाडं खरं तर चरात पडली, तो आकडा हातात येईल.